वेट

युनिक्स व लिनक्सच्या शेलमधील अंगभूत आज्ञा. पार्श्वभूमीवर सुरू केलेली कामे पुरी होईपर्यंत ती स्क्रिप्टला रोखून धरते.

एरवी शेल आपणहून थांबतो. बाहेरची आज्ञा आली की तो फोर्कने स्वतःची प्रत काढतो, त्या प्रतीत एक्झेकने नवा प्रोग्राम चढवतो आणि तो संपल्यावरच पुढच्या ओळीकडे वळतो. आज्ञेच्या शेवटी & हे चिन्ह टाकले की हा क्रम सुटतो: काम पार्श्वभूमीवर चालते आणि शेल लगेच पुढच्या ओळीकडे वळतो. तीन मोठ्या फायली एकाच वेळी झिप करायच्या असतील तर हे सोयीचे; पण त्या तयार होण्याआधीच पुढची ओळ त्यांना दुसऱ्या संगणकावर पाठवू लागली, तर तिकडे अर्धवट फायली पोहोचतात. मधे वेट लिहिणे हाच खरा उपाय. अंदाजाने ६० सेकंद थांबवणारी स्लीप ही आज्ञा घालणे चुकीचेच: मंद डिस्कवर तो वेळ अपुरा पडतो, वेगवान डिस्कवर वाया जातो.

सर्वांत दुर्लक्षित बाब एक्झिट कोडची. नुसते वेट सगळ्या कामांसाठी थांबते खरे, पण एखादे काम फसले तरी ० हाच यशाचा कोड परत करते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हे फार घातक. म्हणून प्रत्येक कामाचा प्रोसेस क्रमांक $! मधून लगेच जपून ठेवावा आणि तो देऊन स्वतंत्रपणे वेट करावे. तेव्हाच त्या कामाचा खरा कोड हाती येतो. क्रमांक त्या शेलने सुरू केलेल्या प्रोसेसचा नसेल, तर १२७ मिळतो.

कोणतेही एक काम संपताच पुढे सरकू देणारा -एन हा पर्याय बॅशच्या ४.३ आवृत्तीत २०१४ मध्ये आला.