मृदा-धूप मानचित्रण, दक्षिण कोकणातील

मृदा-धूप मानचित्रण, दक्षिण कोकणातील : डोंगरउतारावरील माती पावसाच्या पाण्याने कोठे व किती प्रमाणात वाहून जाण्याचा संभव आहे, हे पर्जन्यमान, उतार, मृदेचे गुणधर्म व कृत्रिम उपग्रहांवरून मिळालेल्या प्रतिमा यांच्या आधारे नकाशावर दाखविण्याची पद्धती. असा नकाशा प्रत्यक्ष झालेल्या धुपीचा नसून धुपीच्या जोखमीचा असतो. हा भेद नकाशा वापरणाऱ्याच्या, क्वचित तो तयार करणाऱ्याच्याही, नजरेआड होतो आणि या विषयाच्या इतिहासातील बहुतेक गैरसमज त्यातूनच उद्‌भवले आहेत.

सह्याद्रीचा माथा व अरबी समुद्र यांमधील दक्षिण कोकणची पट्टी अरुंद आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१) वर्षाकाठी सर्वसाधारणपणे ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील आंबोलीत तो ७,००० मिमी.च्याही पुढे जातो. यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीकाठचे वालावल हे गाव या भूमीचा नमुना म्हणून घेता येईल. खाली नदी व नारळी-पोफळीच्या बागा, त्यांलगत भाताचे मळे, वर झाडीने झाकलेला उतार आणि त्याहून वर जांभ्याचा सडा, अशी येथील भूमीची सर्वसाधारण मांडणी असते. सड्याचा कठीण कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. त्यावर पडलेला पाऊस वेगाने कडेच्या उतारावर उतरतो आणि तेथील भुसभुशीत तांबडी माती घेऊन मळ्यांत, नदीत व अखेरीस देवबागजवळ कर्लीच्या मुखाशी जातो. उतारावरची झाडी टिकली आहे की नाही, यावर सड्याखालच्या शेतकऱ्याचे भात आणि खाडीची खोली ही दोन्ही अवलंबून असतात.

या संबंधाची लेखी नोंद उपग्रहांच्या सव्वाशे वर्षे आधीची आहे. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक व पेशाने शल्यचिकित्सक असलेले अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरील वृक्षतोड व किनाऱ्यावरील नद्या-खाड्यांत साठणारा गाळ यांचा संबंध त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणला. उष्ण कटिबंधातील वनांच्या नाशाच्या परिणामांविषयी ब्रिटिश असोसिएशनने १८५१ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही या निरीक्षणांना स्थान मिळाले. दोषाचा मोठा भाग मात्र कुमरी करणाऱ्यांवर, म्हणजे उतारावरील झाडी तोडून व जाळून नाचणी-वरी पिकविणाऱ्या व काही वर्षांनी जागा बदलणाऱ्या कुटुंबांवर टाकण्यात आला. मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणीसाठी पश्चिम किनाऱ्यावरील सागवान किती तुटले, याचा हिशेब त्या मानाने सौम्य राहिला. धुपीचा नकाशा काढण्यापूर्वीच तिचा आरोपी ठरविण्याची ही प्रथा पुढेही पूर्णपणे सुटलेली नाही.

धूप अंकांत मोजण्याची रीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली. ए. डब्ल्यू. झिंग यांनी १९४० मध्ये उताराची तीव्रता व लांबी यांचा धुपीशी असलेला संबंध सूत्रबद्ध केला. डब्ल्यू. एच. विशमायर व डी. डी. स्मिथ यांनी पर्ड्यू विद्यापीठात एकत्र केलेल्या, १०,०००हून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदींवरून तथाकथित सार्वत्रिक मृदाहानि-समीकरण सिद्ध केले (१९६५, सुधारित आवृत्ती १९७८). त्यात पावसाची क्षरणशक्ती, मृदेची क्षरणशीलता, उताराची लांबी व तीव्रता, वनस्पतींचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांच्या गुणांकांचा गुणाकार करून दर हेक्टरी वार्षिक मृदाहानी काढतात. आधारभूत प्रमाण-वाफा २२·१३ मी. लांबीचा व ९ टक्के उताराचा होता. म्हणजे हे समीकरण मुळात सौम्य उताराच्या शेतजमिनीचे आहे. ते फक्त चादरी व लहान ओहळींच्या धुपीचा हिशेब करते. घळी, नदीकाठची कापणी व दरडी त्यात येत नाहीत. आंबोली घाटात पावसाळ्यात कोसळणारी दरड या समीकरणाच्या दृष्टीने घडलेलीच नसते. ‘सार्वत्रिक’ हे विशेषण त्यामुळे जपूनच घ्यावयास हवे.

भारतात पावसाची क्षरणशक्ती काढण्यासाठी लागणाऱ्या स्वयंलेखी पर्जन्यमापकांच्या नोंदी थोड्याच ठिकाणी होत्या. राम बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध केंद्रांच्या नोंदींवरून वार्षिक पर्जन्याशी तिचे सरळ नाते बसविले : वार्षिक पर्जन्यास (मिमी.मध्ये) ०·३६३ ने गुणून त्यात ७९ मिळवावयाचे. त्यानुसार ३,००० मिमी. पावसाच्या गावाचा गुणांक १,१६८ येतो. पाऊस झिमझिम दोन दिवस पडला की दोन तासांत कोसळला, हा मातीच्या दृष्टीने निर्णायक असलेला फरक या सोयीच्या सूत्रात उरत नाही. ध्रुव नारायण व राम बाबू यांनी १९८३ मध्ये संपूर्ण देशाची वार्षिक मृदाहानी ५३३·४ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६·३५ टन असल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी सु. २९ टक्के माती समुद्रास मिळते व सु. १० टक्के जलाशयांत साठते. हेक्टरी १६ टन हा आकडा मोठा वाटला, तरी जमिनीवर पसरल्यास तो सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा थर होतो. एवढी झीज कोणत्याही उपग्रहास आकाशातून थेट दिसत नाही. उपग्रहाला दिसते ते आच्छादन. धूप त्यावरून अनुमानावी लागते.

आकाशातून वनस्पती पाहण्याचा भारतातील पहिला महत्त्वाचा प्रयोग नारळाच्या झाडांवर झाला. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० मध्ये केरळातील मूळकुजव्या रोगाने ग्रस्त माडांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली. डेहराडूनची हवाई छायाचित्र-वाचनाची संस्था त्यापूर्वीच, १९६६ मध्ये, स्थापन झाली होती. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला. १९७४ मध्ये राष्ट्रीय दूरस्थ संवेदन अभिकरण हैदराबाद येथे स्थापन झाले आणि १९७९ पासून लँडसॅटच्या प्रतिमा देशातच घेता येऊ लागल्या. भास्कर-१ (७ जून १९७९) व भास्कर-२ (२० नोव्हेंबर १९८१) यांच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांची विभेदनक्षमता सु. १ किमी. असल्याने ते कोकणच्या उतारांना निरुपयोगी होते. या क्षेत्रातील खरे स्वावलंबन १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहापासून सुरू झाले.

हा तांत्रिक विकास कोकणी शेतकऱ्याच्या मापात सांगणे उद्‌बोधक ठरते. पहिल्या लँडसॅटच्या प्रतिमेतील एक चित्रघटक जमिनीवर सु. ६२ गुंठे भरे. आयआरएस-१एच्या पहिल्या प्रकारच्या कॅमेऱ्याचा सु. ५२ गुंठे. आयआरएस-१सी (२८ डिसेंबर १९९५) या उपग्रहाच्या २३·५ मी. विभेदनक्षमतेच्या कॅमेऱ्याने तो साडेपाच गुंठ्यांवर आणला आणि यूरोपीय सेंटिनेल-२ने (२०१५) १० मी.पर्यंत, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्यावर. ज्या मुलखात एका कुटुंबाच्या जमिनीचे तुकडे काही गुंठ्यांचे असतात, तेथे वनाची, बागेची आणि उघड्या सड्याची सरमिसळ एकाच चित्रघटकात होणे सुरुवातीच्या काळात अटळ होते. उतारावरील दगडी गडगे व बांध, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माती अडविली, ते तर एका गुंठ्याच्या चित्रघटकातही उमटत नाहीत. समीकरणातील बांधबंदिस्तीचा गुणांक म्हणून पुष्कळदा सरसकट १ धरला जातो, म्हणजे बांधबंदिस्ती नाहीच असे मानले जाते.

सर्वांत नाजूक बाब आच्छादनाच्या गुणांकाची आहे. उघड्या जमिनीसाठी तो १ च्या जवळ, तर अस्पर्शित वनासाठी सहस्रांशांत असतो. म्हणून आच्छादन ओळखण्यात चूक झाली, तर उत्तर शेकडो पटींनी बदलू शकते. आच्छादन ओळखण्यासाठी तांबड्या व निकट-अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातील फरकावर आधारलेला हरितता-निर्देशांक वापरतात व त्यापासून गुणांक काढण्याचे, यूरोपातील परिस्थितीसाठी बसविलेले एक घातीय सूत्र सर्रास लावले जाते. कोकणात त्याच्या मर्यादा चटकन उघड होतात. जुन्या मिश्र वनात उंच वृक्ष, झुडपे व पालापाचोळा असे थर असतात. पावसाच्या थेंबाचा जोर अखेर पाचोळ्यावर मोडतो. काजूच्या किंवा रबराच्या लागवडीत माथ्यावरील पर्णसंभार तेवढाच हिरवा, पण खालची जमीन बेणून स्वच्छ केलेली असू शकते. उंच, मोठ्या पानांच्या वृक्षांवरून गळणारे थेंब मूळ थेंबांहून मोठे असतात व आठ-नऊ मीटरांच्या उंचीवरून पडताना त्यांचा वेग पुन्हा जवळजवळ पूर्ण होतो. उपग्रहास दोन्ही ठिकाणी छप्पर दिसते, जमीन दिसत नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास योजनेमुळे १९९० नंतर कोकणातील वरकस उतार मोठ्या प्रमाणावर आंबा-काजूखाली आले. दोडामार्ग भागात रबराची लागवडही पसरली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ चा. त्यातील नकाशे १ : १०,००,००० प्रमाणाचे होते व ४०० हेक्टरांहून लहान क्षेत्र त्यांत दाखविता येत नसे. पुढे प्रमाण सुधारले, पण व्याख्या व्यापक राहिली : मालकी वा जाती कोणतीही असो, किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असल्यास ते वनाच्छादन. या व्याख्येत बागाही बसतात. परिणामी वन तोडून त्या जागी बाग वाढली, तरी तिचे छत्र पुरेसे दाटल्यावर आकडा स्थिर दिसू शकतो आणि त्याच आकड्यावर उभारलेला धुपीचा नकाशाही निश्चिंत राहतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने (२०११) पश्चिम घाटाची वर्गवारी सु. ९ किमी. बाजूच्या चौकटींनी केली, तर कस्तुरीरंगन कार्यगटाने (२०१३) २४ मी.च्या उपग्रह-प्रतिमांवरून नैसर्गिक व सांस्कृतिक भूदृश्ये वेगळी काढली. दोन्ही अहवालांवर वाद झाले. त्या वादांत गावाच्या कोणत्या बाजूस रेषा गेली याची चर्चा पुष्कळ झाली. ती रेषा कोणत्या हंगामाच्या प्रतिमेवरून आली, याची फार थोडी.

हंगामाचा मुद्दा गौण नाही. धूप होते त्या चार महिन्यांत कोकणावर ढग असतात व साध्या प्रकाशीय कॅमेऱ्यास जमीन क्वचितच दिसते. निरभ्र प्रतिमा बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या. त्यातही ऑक्टोबरनंतर लगेच सड्यावर गवत असते, तर मेअखेरीस तेच उतार वाळलेले, काही ठिकाणी राबासाठी भाजलेले असतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या उघड्या मातीवर पडतो. हिवाळ्यातील प्रतिमेवरून काढलेला गुणांक नेमका त्या दिवसांची जोखीम कमी लेखतो. उताराचे मापनही निर्दोष नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातील रडारने मिळविलेली उंचीची माहिती आज सर्वत्र वापरली जाते. परंतु दाट झाडीत ते रडार जमिनीऐवजी वृक्षांच्या शेंड्याजवळची उंची सांगते.

म्हणून अशा नकाशातील हेक्टरी टनांच्या आकड्यांपेक्षा त्यांतील क्रम अधिक विश्वसनीय समजावा. कोणता ओढा आधी पाहावा, हे तो बऱ्यापैकी सांगतो. आकडा मिळविण्यासाठी उतारावर मोजणीचे वाफे, ओढ्यावर गाळाचे मापन आणि तलावांतील गाळाच्या थरांचा अभ्यास लागतो. वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिरालगतच्या तलावासारखी जुनी जलाशये या कामी मोलाची ठरू शकतात, कारण वरच्या उताराची माती वर्षानुवर्षे त्यांच्या तळाशी साठते. भारत व अमेरिका यांचा निसार हा रडार-उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या दोन तरंगपट्टांपैकी अधिक तरंगलांबीचा पट्ट ढगांतून आणि काही अंशी पर्णसंभारातूनही पार जातो व दर १२ दिवसांनी तीच भूमी पुन्हा पाहतो. त्यामुळे जून-जुलैमधील उतारांची ओल व भूपृष्ठातील बदल यांच्या नियमित नोंदी शक्य झाल्या आहेत. पाचोळ्याखालची माती पाहण्यासाठी मात्र अजून उतारावर चढूनच जावे लागते.