हृदयस्पंदकाची तार : एका उपेक्षित घटकाचा इतिहास

पेसमेकर अर्थात कृत्रिम हृदयस्पंदकाचा इतिहास बहुधा त्याच्या विद्युतघटाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. वस्तुतः या व्यवस्थेतील सर्वांत दुर्बल दुवा म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार होय.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील सोल्ना येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी घडविलेला स्पंदक आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविला. यामागे लार्सन यांच्या पत्नीचा चिकाटीचा आग्रह होता. छाती उघडून तारा थेट हृदयस्नायूत रोवाव्या लागल्या. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले; त्या काळात त्यांना २२ यंत्रे व ५ तारसंच लागले.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी तार वाकते. धातूला येणारा हा थकवा प्रारंभीच्या तारा तुटण्याचे प्रमुख कारण ठरला. सेमूर फर्मन यांनी १९५८ मध्येच न्यूयॉर्क येथे शिरेतून तार हृदयात नेऊन दाखविली आणि छाती उघडण्याची गरज पुढे उरली नाही. परंतु शिरेतील तारेभोवती कालांतराने तंतुमय ऊतींचे घट्ट आवरण तयार होते. यंत्र बदलणे त्यामुळे सोपे राहिले, जुनी तार ओढून काढणे मात्र जिवावरचे काम झाले. साहजिकच निकामी तार आतच ठेवून शेजारी नवी घालण्याचा प्रघात पडला. जंतुसंसर्ग झाल्यास तीही सोय नसते. सर्वच काढावे लागते.

या पेचाचे सर्वांत कठोर उदाहरण १९९४ चे आहे. टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘अ‍ॅक्युफिक्स’ तारेला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा बाक देणारी आतील बारीक तार तुटून आवरणाबाहेर येई व हृदयभित्तीला इजा करी. तार बाजारातून मागे घेण्यात आली. धास्तावलेल्या अनेक रुग्णांच्या तारा खबरदारी म्हणून काढल्या गेल्या. पुढील पाहणीत दिसले ते विलक्षण होते : तुटलेल्या तारेमुळे दगावले त्यांहून अधिक रुग्ण ती काढताना दगावले. त्यामुळे क्ष-किरणांद्वारे नियमित तपासणी करावी व धोका स्पष्ट असेल तेथेच तार काढावी, हे धोरण मान्य झाले. भीतीपोटी केलेला उपचार नेहमीच सुरक्षित नसतो, हे येथे आकड्यांनीच दाखविले.

दरम्यान चार्ल्स बर्ड यांच्या नलिकातंत्रामुळे व १९९० च्या दशकातील लेसरमुळे तार काढणे पुष्कळ सुकर झाले. तथापि शिर फाटण्याचे भय संपले नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘मायक्रा’ हा तारविरहित स्पंदक थेट हृदयातच बसतो. तोही कालांतराने ऊतींनी वेढला जातो, आणि घट संपल्यावर तो काढावा की शेजारी दुसरा बसवावा, हा निर्णय पुन्हा वैद्यांपुढे येतोच.