अ‍ॅनिमेची आखूड वाट

अ‍ॅनिमे पाहायला सुरुवात करू म्हणणारा माणूस बहुधा आकड्यांपाशीच अडतो. कोणीतरी त्याला ‘वन पीस’ सुचवतो. ती मालिका १९९९ पासून चालू आहे आणि तिचे भाग हजारावर गेले आहेत. एवढे पाहायचे कधी, या धास्तीने तो पाठ फिरवतो. परंतु या कलेचा इतिहास चाळला तर दिसते, की शेकडो भागांची मालिका हे तिच्या प्रवासातले मधलेच एक वळण आहे आणि त्या वळणाची तारीखसुद्धा सांगता येते. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे जपानी चित्रकारांनी एका बैठकीत संपणारे, फार तर चार-पाच तासांत आटोपणारे पुष्कळ काम करून ठेवले आहे. नवख्याने आत शिरावे ते याच दाराने, असे माझे ठाम मत आहे.

आपण १९१७ पासून निघू. त्या एकाच वर्षात ओतेन शिमोकावा, जुनइची कोउची आणि सेइतारो कितायामा या तिघांनी, आपापल्या वाटेने, जपानमधले पहिले व्यावसायिक अ‍ॅनिमेशनपट पडद्यावर आणले. ते सगळे काही मिनिटांचे. त्यांपैकी कोउचींच्या ‘नामाकुरा गाताना’मध्ये एक सामुराई बोथट तलवार विकत घेतो, तिची धार पारखायला वाटसरूंवर चालून जातो आणि स्वतःच मार खाऊन परततो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकियो जमीनदोस्त झाले. आधीच विरळ झालेल्या या पहिल्या पिढीच्या फिती त्यात आणखी नाहीशा झाल्या आणि कितायामांना बस्तान ओसाकाला हलवावे लागले. कोउचींचा चित्रपटही कायमचा गेला असे धरले जात होते. मात्र ओसाकाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याची एक प्रत सापडली आणि २००८ साली तशी बातमी प्रसिद्ध झाली. जेमतेम चार मिनिटांची ही गोष्ट आज कोणालाही पाहता येते. शंभर वर्षांपूर्वीचा विनोद अजून ताजा आहे.

पुढची दोन दशके ही कला घरगुती कारखान्यांत वाढली. नोबुरो ओफुजी छापील नक्षीचा चियोगामी कागद कापून त्याची पात्रे करीत. केन्झो मासाओकांनी १९३३ मध्ये पात्रांना आवाज दिला आणि १९४३ मध्ये ‘कुमो तो चुरिप्पु’ हा सोळा मिनिटांचा चित्रपट केला. कोळी, लालबुंद किडा आणि त्या किड्याला पाकळ्यांत लपवणारे ट्युलिपचे फूल, एवढीच त्यातली मंडळी. भर युद्धात एका शब्दानेही युद्धाचे नाव न घेणारे हे काम आहे आणि त्यातले वादळ आजच्या संगणकी वादळांपुढेही उणे पडत नाही. त्याच सुमारास आरमाराने मात्र आपल्याला हवे ते करून घेतले. मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो : उमी नो शिन्पेई’ एप्रिल १९४५ मध्ये झळकला. चौऱ्याहत्तर मिनिटांचा हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट उघड उघड प्रचारपट होता. बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या ओसाकात तो पाहणाऱ्या मोजक्या प्रेक्षकांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्यातली चित्रांची हालचाल पाहून आपणही असे काही करायचे, असा त्याने निश्चय केला. त्याचे नाव ओसामु तेझुका.

तेझुकांच्या निश्चयाला फळ यायला अठरा वर्षे लागली. मध्यंतरी १९५६ मध्ये तोएई दोगा ही मोठी संस्था उभी राहिली आणि १९५८ मध्ये तिने ‘हाकुजादेन’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत अ‍ॅनिमेशनपट काढला. गोष्ट चिनी, श्वेत नागिणीची. तो पाहून भारावलेला एक शाळकरी तरुण, हायाओ मियाझाकी, १९६३ मध्ये याच संस्थेत नोकरीला लागला. आणि ते वळण येते तेही १९६३ मध्येच. १ जानेवारीला तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देणे तोएईच्या पद्धतीने अशक्यच होते. तेझुकांनी चित्रांत काटकसर केली. सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी आठच चित्रे काढायची, बोलणाऱ्या पात्राचे फक्त ओठ हलवायचे, काढलेली चित्रे जपून पुन्हा वापरायची. वाहिनीला भाग विकले तेही खर्चापेक्षा कमी किमतीत. मालिका १९६६ अखेरपर्यंत १९३ भाग चालली आणि लांबलचक साप्ताहिक मालिकेचा साचा तिथेच पडला. अपुऱ्या पैशांत राबण्याची सवयही तिथलीच, आणि ती या व्यवसायाला अजून सुटलेली नाही. मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

याच साच्यात राहून इसाओ ताकाहातांनी १९७४ मध्ये ‘हायडी’ केली. बावन्न भाग, आल्प्समधली एक पोरकी मुलगी, आणि भाकरीवर वितळणाऱ्या चीजला दिलेला निवांत वेळ. त्या मालिकेमागच्या संस्थेतूनच पुढे निपॉन अ‍ॅनिमेशन निघाली. तिची १९८९ ची ‘जंगल बुक’ दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदीत दाखवली. रविवारी सकाळी मोगलीसाठी टीव्हीसमोर बसलेल्या मराठी घरांनी नाव ठाऊक नसताना अ‍ॅनिमेच पाहिले होते. त्यामुळे आज चाळिशीत असलेला वाचक स्वतःला नवखा म्हणवत असेल, तर ते पूर्ण खरे नाही.

ऐंशीच्या दशकात जपानी घरांत व्हीसीआर आला आणि वाट पुन्हा आखूड झाली. १९८३ अखेर मामोरु ओशी यांची ‘दालोस’ थेट कॅसेटवर निघाली. वाहिनी नको, वेळापत्रक नको, प्रायोजकाची मर्जी नको. गोष्ट जेवढी असेल तेवढेच भाग काढावेत. या मोकळिकीचे सर्वांत चांगले फळ मला वाटते १९८९ ची ‘गुंडम ००८० : वॉर इन द पॉकेट’. सहाच भाग. महाकाय यंत्रमानवांची लढाई ज्याला खेळ वाटते, त्या शाळकरी मुलाला युद्ध म्हणजे काय ते शेवटच्या भागात कळते. मूळ ‘गुंडम’ पाहिलेली नसली तरी काही अडत नाही. त्याच्या वर्षभर आधी, १६ एप्रिल १९८८ रोजी, स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट एकाच तिकिटात लागले होते. एक मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’, दुसरा ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दोन्ही दीड तासाच्या आतले, दोन्हींत आईची माया दुरावलेली दोन भावंडे. एकीकडे रानातला प्रचंड लोभस प्राणी, दुसरीकडे १९४५ मधले जळते कोबे. त्या जोडीने तेव्हा फारसा गल्ला जमवला नाही. मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ २००२ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि २००३ मध्ये ऑस्कर घेऊन आला, तेव्हा जगाने मागे वळून त्या दोन्ही चित्रपटांकडे पाहिले.

इथे आपण जरा थांबू, कारण सातोशी कोन यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. २०१० मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले आणि मागे चारच पूर्ण चित्रपट उरले. त्यांतला ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ सत्त्याऐंशी मिनिटांचा आहे. एकांतात राहणारी वृद्ध अभिनेत्री आपले आयुष्य सांगू लागते आणि तिची मुलाखत घ्यायला आलेले दोघे त्या आठवणींतच शिरतात. एका दारातून मांचुरिया, दुसऱ्यातून सरंजामी युद्धे, तिसऱ्यातून अंतराळ. आठवण कुठे संपली आणि चित्रपट कुठे सुरू झाला, हे कोन शेवटपर्यंत कळू देत नाहीत. जपानी सिनेमाचे अर्धे शतक या एका बाईच्या धावण्यात मावले आहे. हे काम कॅमेऱ्याने झाले नसते, चित्रांनीच व्हायचे होते. चित्रपट म्हणजे कॅमेरा असे मानणाऱ्या जाणत्या रसिकाला मी प्रथम हाच दाखवीन.

दूरचित्रवाणीवरही वाट आखूड होत गेली. ‘एव्हान्गेलिओन’ या मालिकेचे भाग १९९७ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास पुन्हा दाखवले, तेव्हा त्या वेळीही प्रेक्षक जागा असतो हे वाहिन्यांना उमगले. प्रकाशक, गाण्यांची कंपनी आणि वाहिनी यांनी खर्च वाटून घ्यायचा आणि वर्षाच्या एका तिमाहीत बसतील असे बारा-तेरा भाग काढायचे, ही रीत रुळली. फुजी टीव्हीने २००५ मध्ये ‘नोइतामिना’ ही रात्रीची वेळ प्रौढ प्रेक्षकांसाठी राखली. २०१४ मधली मासाआकी युआसांची ‘पिंग पाँग द अ‍ॅनिमेशन’ तिथेच आली. अकरा भाग, साडेचार तासांहूनही कमी. रेषा वेड्यावाकड्या, पहिल्या भागात डोळ्यांना खुपतात. चौथ्या भागापर्यंत त्या खेळाडूंच्या मनाच्याच वाटू लागतात. हरणाऱ्यांवर एवढी माया करणारी खेळाची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी आणखी एक नाव. युगो साको यांनी मुंबईचे राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ चा. भारतातल्या चित्रपटगृहांत तो जानेवारी २०२५ मध्ये नव्याने लागला. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यायचे असेल तर आरंभ याने करावा. मुले असतील तर ‘टोटोरो’ने, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मात्र लहानांना दाखवू नये. एकट्याने पाहणार असाल तर ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ घ्या, मग ‘पिंग पाँग’. मूळ जपानी आवाज ठेवून उपशीर्षके लावा. हजार भागांच्या मालिका त्यानंतरही तिथेच असतील. त्या पाहायच्या की नाही, हे तेव्हा ठरवा.