साडेतीन टक्क्यांचा कागद

१९४० चा जून. पॅरिस पडल्याची बातमी पुण्यात आल्यापासून सिटी पोस्टापुढची रांग हटलेली नाही. ज्याला त्याला सेव्हिंग्ज बँकेतले पैसे हवेत, आणि तेही नोटांत नकोत. खणखणीत वाजणारी चांदी हवी. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. लवकरच एक रुपयाची नोट येईल, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर उतरेल, आणि येत्या मार्चनंतर राणीछाप रुपया चलनातून बाद होईल. पण हे सांगितलंत तर रांग दुप्पट होईल. तुम्ही गप्पच राहता.

तुमच्या काखेत पुठ्ठ्याची फाइल आहे. एका शिक्षणसंस्थेच्या प्रॉव्हिडंट फंडाचे तुम्ही खजिनदार आहात. पेन्शन मिळते ती सरकारी नोकरीतल्या मास्तरांना. खाजगी शाळेतल्या मास्तराच्या म्हातारपणाची भिस्त या फंडावर. पगारातून रुपयामागे एक आणा कापायचा, तेवढीच भर संस्थेने घालायची. साठ रुपये पगार असेल, तर महिन्याला पावणेचार त्याचे आणि पावणेचार संस्थेचे. पंचवीस-तीस वर्षांनी एकदाच काय ती रक्कम हातात येते, आणि मरेपर्यंत तीच पुरवायची असते.

फाइल उघडा. साडेतीन टक्क्यांचे सरकारी कागद, दर्शनी किंमत चाळीस हजार. जाड, करकरीत नोटा आहेत. पाठीमागे चौकटी छापलेल्या. दर सहामाहीला व्याज उचललं की त्या चौकटीत शिक्का बसतो. मुद्दल कधी परत मिळणार याची तारीख कुठेच नाही. सरकारला वाटेल तेव्हा ते फेडील, तोवर व्याज देत राहील. युद्ध सुरू झाल्यापासून बाजारात यांचा भाव खाली आला आहे, आणि कार्यकारी मंडळातले एक सभासद म्हणताहेत, "नाना, आहे त्या भावाला फुंकून टाका आणि सोनं घ्या."

ते चुकीचं बोलत नाहीत. सोनं चाळीस रुपये तोळ्याच्या आसपास आहे आणि तीन वर्षांत ते साठी ओलांडणार आहे. पण फंडाचे नियम विश्वस्तांच्या कायद्याला बांधलेले आहेत. १८८२ च्या त्या कायद्याचा रोख एकच: दुसऱ्याचा पैसा सरकारी रोख्यांत ठेवा. त्याला कारणही आहे. दोनच वर्षांपूर्वी त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलंय. बँकेतल्या ठेवीला तुम्ही घाबरता, सोन्याला नियम आडवा येतो. उरतो तो कागद.

ऑक्टोबरात दुसरीच अडचण उभी राहते. पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आहे. या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं ते सांगताहेत. इकडे डिफेन्स सेव्हिंग्ज सर्टिफिकिटं घ्या म्हणून वरून पत्रांवर पत्रं येताहेत. दहा रुपये भरा, दहा वर्षांनी तेरा रुपये नऊ आणे घ्या. सभेत खादी घातलेले तरुण शिक्षक उठतात. "नाना, आपल्या फंडाची नवी भर सरकारच्या कर्जात जाते. म्हणजे ती लढाईतच जाते ना?" जाते. तुम्ही तसं सरळ सांगता. नवी भर कुठे घालायची यावर दोन तास खल होतो आणि ठराव होत नाही. ते शिक्षक डिसेंबरात तुरुंगात जातात. त्यांच्या खात्यावर जानेवारीपासून वर्गणी नाही, पण व्याज चढतच राहतं. तुम्ही ते स्वतः मांडता, आणि मला वाटतं, त्या वर्षातलं तुमच्या हातचं सर्वांत चांगलं काम तेच.

आता १९४२ चा मार्च. सिंगापूर गेलं, रंगून गेलं, मुंबईची माणसं वळकट्या घेऊन पुण्यात आणि कोकणात उतरताहेत. ड्रॉइंगचे मास्तर दुपारी तुमच्याकडे येतात. खात्यावर सहाशे दहा रुपये आहेत. त्यांतून दीडशेची उचल हवी आहे.

"कशासाठी?"

"वर्षाची बेगमी करून ठेवतो म्हणतो. ज्वारी, तांदूळ, थोडा गूळ. घरात सात माणसं खाणारी."

नियमात उचलीची कारणं मोजकीच आहेत: आजारपण, लग्नकार्य, उत्तरक्रिया, विम्याचा हप्ता. बेगमी त्यात नाही. पण ब्रह्मदेशचा तांदूळ आता येणार नाही, हे मास्तरांच्या अंदाजात आहे आणि तुमच्या माहितीत आहे. पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग येईल, सुट्या नाण्यांच्या टंचाईत भोकाचा पैसा हातात पडेल, आणि घाऊक किमती युद्धाआधीच्या दुपटीवर जातील. मास्तरांचे दीडशे रुपये फंडात ठेवले तर वर्षाला सव्वापाच रुपये मिळतील. त्याच पैशाची ज्वारी कणगीत असेल तर सात माणसं जेवतील. तुम्ही मंडळ बोलावता, नियमात "अन्नधान्य" हा शब्द घालून घेता, आणि चार दिवसांत पैसे देता.

महागाई आभाळातून पडलेली नाही. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून फौजेसाठी कापड, धान्य, चामडं उचलतंय आणि किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा करतंय. त्या पौंडांवर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापते. युद्धाआधी चलनातल्या नोटा दोनशे कोटींच्या आत होत्या. युद्ध संपताना त्या अकराशे कोटींच्या वर असतील. १९४३ च्या ऑगस्टात चिंतामणराव देशमुख या बँकेचे गव्हर्नर होतात. पहिला हिंदी माणूस, तोही आपला रोह्याकडचा, म्हणून शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले जातात. पण सरकारला स्वस्त कर्ज हवंय. व्याजाचा दर तीन-साडेतीनच्या वर चढू दिला जाणार नाही. तुमच्या वह्यांत एका पैशाचीही तूट नाही आणि तरीही प्रत्येक खातं दरमहा झिजतंय.

म्हणून माझं मत पक्कं आहे: या काळात खजिनदाराच्या हातात गुंतवणूक नव्हतीच, हातात होता तो वेळ. निवृत्त माणसाचा हिशेब तीन महिने रखडला तर तेवढी ज्वारी त्याच्या ताटातून गेली. संस्कृतचे शास्त्रीबुवा १९४४ च्या एप्रिलअखेर निवृत्त होतात. चोवीसशे रुपये निघतात. युद्धाआधीच्या हजाराएवढीच त्यांची खरेदी. ऑडिटरची सही यायची आहे, संस्थेच्या कचेरीत कारकून रजेवर आहे. तुम्ही स्वतः व्याज मांडता, सही आणायला सायकलवरून जाता, आणि आठव्या दिवशी शास्त्रीबुवांना पैसे पोचते करता.

१९४६ च्या मे महिन्यात सरकारची सूचना येते. साडेतीन टक्क्यांचे कागद तीन टक्क्यांच्या नव्या कर्जात बदलून घ्या, नाहीतर रोख घ्या. रोख घेऊन घालणार कुठे? बाजारात सरकारी कागदावर याहून जास्त मिळत नाही. चाळीस हजारांवर वर्षाला चौदाशे यायचे, ते आता बाराशे येतील. मंडळ बदलून घ्यायचं ठरवतं.

त्याच सभेत तुम्ही दुसरा ठराव मांडता. शिक्षकांना महागाई भत्ता मिळतो, पण फंडाची वर्गणी मूळ पगारावरच कापली जाते. पगाराचा मोठा हिस्सा भत्त्यात गेला, तर म्हातारपणाची भर जुन्या साठ रुपयांवरच अडकून राहते. वर्गणी भत्त्यासकट धरावी आणि संस्थेने तेवढीच भर घालावी. संस्थेचे चिटणीस अंदाजपत्रक पुढे करतात. परवडत नाही म्हणतात. अनुदानित माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना पेन्शन मिळायला १९६६ साल उजाडणार आहे, हे तुम्ही त्यांना सांगू शकत नाही. तुम्ही ठराव मागे घेत नाही. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तोच विषय पहिला लिहून देता, आणि चिटणिसांची पोच घेऊनच खोलीबाहेर पडता.