एक जूनची माणसे आणि प्रोग्रामरचे काम

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या एका प्रोग्रामचे काम चालू होते. नव्याने लागलेला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. हुशार आणि कामसू पोर. म्हणाला, "सर, या फायलीत काहीतरी गडबड आहे. जन्मतारखेच्या रकान्यात जिकडेतिकडे एक जून. एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मतील? तारीख नसली की कुणीतरी एक जून ठोकून देत असणार. या सगळ्या तारखा कोऱ्या करून टाकू का?"

प्रोग्रामरच्या आयुष्यात असे प्रश्न रोज येतात. बाहेरच्या माणसाला वाटते की हा दिवसभर काहीतरी नवे निर्माण करीत असतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्याचा बहुतेक दिवस दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात, काल चालत होते ते आज का चालत नाही याचा माग काढण्यात आणि शेजारच्याची अडलेली गाडी पुढे ढकलण्यात जातो. मी हे काम १९९८ सालापासून करीत आहे. या कामालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासाशिवाय या मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही. म्हणून तो आधी मांडतो.

'संगणक' या अर्थाचा इंग्रजी शब्द आधी यंत्राला नव्हे, माणसाला लावला जाई. हिशेब करणारा तो 'कॉम्प्युटर'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके हवी होती. एका मार्गाचा हिशेब हाताने करायला ३०-४० तास लागत. हे काम गणित शिकलेल्या तरुण स्त्रिया करीत. पुढे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच कामासाठी 'एनिअ‍ॅक' नावाचे अवाढव्य यंत्र उभे राहिले. ते चालवण्यासाठी १९४५ साली यांतल्याच सहा जणी निवडण्यात आल्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. प्रारंभी त्यांना यंत्राच्या खोलीत जाण्याची परवानगीच नव्हती. त्यांच्या हाती यंत्राचे नकाशे देण्यात आले आणि यावरून शिका असे सांगण्यात आले. शिकवणारा कुणी नाही, पुस्तक नाही. यंत्राचा तपशील त्यांनी कागदावरून उकलला.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी यंत्राचे प्रात्यक्षिक होते. त्याआधी एक चूक त्यांना सतावत होती. गोळा जमिनीवर आदळल्यावर हिशेब थांबायला हवा, तो थांबत नव्हता. यंत्राच्या लेखी गोळा जमिनीच्या पोटात शिरून पुढेच चालला होता. बेटी स्नायडर घरी गेली ती हाच प्रश्न डोक्यात घेऊन. दुसऱ्या दिवशी येऊन तिने एक कळ एका घराने सरकवली आणि हिशेब जागेवर थांबला. प्रोग्रामरचा रोजचा प्रश्न म्हणतात तो हाच. प्रात्यक्षिक गाजले. मॉचली आणि एकर्ट या यंत्र घडवणाऱ्यांची नावे इतिहासात गेली. त्या रात्रीच्या मेजवानीला या स्त्रियांना बोलावणे नव्हते. सरकारी दप्तरात त्यांची श्रेणी होती 'उपव्यावसायिक', म्हणजे व्यावसायिकांच्या खालची. छायाचित्रांत त्या दिसत, पण त्यांची नावे कुणी छापीत नसे. कितीतरी वर्षे लोकांना वाटत राहिले की शोभेसाठी त्यांना यंत्राजवळ उभे केले असावे.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या चळवळीची माहिती मागितली होती. त्या काळात त्या समाजातल्या स्त्रियाही हिशेबाच्या याच पेशात होत्या. ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार पुढाऱ्याने वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा १९४१ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढला. त्यानंतर व्हर्जिनियातील लँगली येथील विमान-संशोधन केंद्राचे दार या स्त्रियांना उघडले. दार उघडले, पण आत पुन्हा वेस होतीच. त्यांचा विभाग वेगळा, शौचालय वेगळे, जेवणाचे टेबल वेगळे. टेबलावर वर्णदर्शक पाटी असे. मिरियम मान नावाची बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकी. पाटी पुन्हा लागे, ती पुन्हा काढी.

याच विभागात १९४३ साली डोरोथी व्हॉन ही शिक्षिका आली आणि १९४९ साली त्या विभागाची प्रमुख झाली. हिशेबाची यंत्रे आली तेव्हा तिने ओळखले की आता हाताने हिशेब करणारी माणसे लागणार नाहीत. ती फोरट्रान ही यंत्राची भाषा शिकली आणि आपल्या सोबतिणींनाही तिने ती शिकवली. तिने ज्ञान एकटीपुरते ठेवले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा इतिहास सर्वांपुढे यायला मार्गो ली शेटर्ली यांचे २०१६ सालचे पुस्तक यावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली सुरू झाला. १९७३ साली सांताक्रूझला इलेक्ट्रॉनिक्सचे निर्यात क्षेत्र निघाले. पण हा धंदा वाढला तो मुख्यतः खाजगी क्षेत्रात. राज्यघटनेच्या १६(४) कलमाने दिलेले आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरते. त्यामुळे देशातला सर्वांत नवा धंदा आरक्षणाच्या बाहेरच जन्मला आणि बाहेरच मोठा झाला. येथे जात नाही, फक्त गुणवत्ता आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मग कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारून झाल्यावर गावाचे नाव, आणि गावानंतर "गावात कुठे राहता?" हा प्रश्न का येतो?

मी लागलो ते १९९८ साली. 'दोन हजार सालाच्या' दुरुस्तीसाठी जगभराला माणसे हवी होती, म्हणून आमच्यासारख्यांना दार थोडे किलकिले झाले. जुन्या काळी यंत्रातली जागा महाग होती. म्हणून वर्षाचे चार आकडे न लिहिता शेवटचे दोनच लिहीत. १९३९ ऐवजी ३९. शतक बदलले की २००० चे होणार ००. माझ्या बाची जन्मतारीख १ जून १९३९. २००० सालच्या जूनमध्ये त्याचे वय ६१. पण यंत्र शून्यातून ३९ वजा करणार, उत्तर उणे ३९ येणार, आणि कोबोल भाषेतल्या त्या रकान्यात उणे चिन्हाला जागाच ठेवलेली नसली तर उरणार नुसते ३९. निवृत्त म्हातारा एका रात्रीत ३९ वर्षांचा तरणाबांड! आमचे काम असे एकेक ठिकाण शोधण्याचे. कुठे रकाना चार आकड्यांचा करायचा, तर कुठे मर्यादा घालायची : ३० च्या आतले आकडे नव्या शतकाचे, वरचे जुन्या. पण त्या मर्यादेने १९२५ सालची म्हातारी २०२५ साली जन्मणार, म्हणजे ती अजून जन्मलेलीच नाही! तेव्हा कुठे कोणती मर्यादा घालावी, हे तिथल्या माणसांची वये पाहूनच ठरवावे लागे.

हे काम धंद्यात हलके समजले जाते. वरच्या पायरीवर आराखडा आखणारे, त्याखाली नवे लिहिणारे आणि तळाशी जुने दुरुस्त करणारे. मध्यरात्री फोन आला की तळातल्याने उठायचे. मला त्या वेळी आज्ज्याची येसकरकी आठवे. गावाने रात्री-बेरात्री हाक मारावी आणि त्याने काठी घेऊन निघावे. ही तुलना मी फार ताणत नाही. मला महिन्याला पगार मिळत होता, आज्ज्याला शिळी भाकरी. वतनाच्या त्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. पण कामांची उतरंड लावून कामकऱ्यांना एकमेकांपासून तोडायचे, ही जातीची खोड बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त उघडी केली होती. ती यंत्राच्या खोलीतही शिरते, हे मी पाहिले आहे. ती समुद्रापारही गेली. म्हणून तर २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले आणि तिथल्या गव्हर्नरने ते नाकारले.

आता एक जूनकडे येतो. बा पाटबंधारे खात्यात चौकीदार होता. आमच्या घरी त्याच्या जन्माचा कागद कधी नव्हता. आजी सांगे, सुगी संपली होती आणि घरात दाणा होता, तेव्हाचा जन्म. म्हणजे जून नव्हेच. शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी पोराकडे पाहिले, प्रवेशाला लागणारी वर्षे मागे मोजली आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून टाकले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असे लाखो लोक आहेत. ते सर्व जातींचे आहेत. पण ज्यांच्या घरी पंचांग नव्हते, पत्रिका नव्हती आणि अक्षर नव्हते, त्यांच्या वाट्याला एक जून अधिक आला, यात आश्चर्य नाही. परगावी दुसऱ्यांच्या मयतीचा सांगावा नेणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या जन्माची तारीख मात्र मास्तरच्या अंदाजाने पडली. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडे ३१ मे रोजी कार्यालयेच्या कार्यालये रिकामी होतात. बाही ३१ मे १९९९ रोजी निवृत्त झाला. त्या दिवशी मी सांताक्रूझला दुसऱ्या देशातल्या म्हाताऱ्यांची वये दुरुस्त करीत बसलो होतो.

आणि आता कबुली. २००६ साली दुसऱ्या एका कामात असाच प्रश्न आला होता. बैठकीत ठरले की एकाच तारखेच्या नोंदी प्रमाणाबाहेर असतील तर त्या संशयास्पद धराव्यात आणि तारीख कोरी करावी. मला उत्तर ठाऊक होते. पण ते सांगायचे तर बा, मास्तर, गाव, सगळे सांगावे लागले असते. तोवर मी त्या कार्यालयात कुणाला काहीच कळू दिले नव्हते. मी गप्प बसलो. तो नियम मीच लिहिला. तो अचूक चालला, एकही चूक निघाली नाही. त्या नियमाने किती माणसांच्या तारखा पुसल्या आणि त्यांना कुठल्या खिडकीपुढे पुन्हा उभे राहावे लागले, हे मी कधी विचारले नाही. ज्यांनी आपली नोंद ठेवली नाही त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार आहे. पण जी होती ती मीही पुसली आहे.

म्हणून गेल्या वर्षी त्या मुलाला मी खुर्ची दिली आणि म्हणालो, "बस. ही चूक नाही. माझ्या वडिलांची तारीखसुद्धा हीच." मग सगळे सांगितले. यंत्रालाही अशी मानीव जन्मतारीख असते, हे त्याला ठाऊकच होते. युनिक्स यंत्रणा सगळा काळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजते. ती चालते, मग मास्तरांची का चालू नये? आम्ही तारखा जशाच्या तशा ठेवल्या आणि प्रोग्राममध्ये त्यामागचे कारण मराठीत लिहून ठेवले, म्हणजे पुढचा कुणी साफसफाईला आला तर आधी ते वाचेल. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, माझ्या आजोबांचीपण एक जूनच आहे. मला वाटायचं, खरीच असेल."

आपली मुले आता या धंद्यात येत आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की दुरुस्तीच्या कामाला हलके मानू नका. त्या सहा जणींनी आणि डोरोथी व्हॉनने तेच केले. काळाचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. पुन्हा दुरुस्त्या निघतील, पुन्हा माणसे लागतील. त्या वेळी रकान्यापुढे बसलेल्या माणसाला दोन गोष्टी याव्या लागतील : यंत्राची भाषा, आणि रकान्यातल्या माणसाचा इतिहास. पहिली कुठल्याही वर्गात शिकता येते. दुसरी आपल्या घरात आहे. ती ठाऊक असूनही बैठकीत गप्प बसणारा प्रोग्रामर कसा असतो, ते मी वर सांगितलेच आहे.