साठ कथांच्या बाहेरचा होम्स

डॉ. जॉन वॉटसन मुंबई बंदरात नेमके केव्हा उतरले असतील?

प्रश्न वेडगळ आहे, पण त्याला आधार आहे. 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीलाच वॉटसन आपली हकिकत सांगतात. १८७८ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, नेटली येथे लष्करी डॉक्टरांचे शिक्षण पुरे केले आणि पाचव्या नॉर्थम्बरलँड फ्युझिलियर्स पलटणीत त्यांची नेमणूक झाली. मुंबईला उतरल्यावर त्यांना कळले की अफगाण युद्ध पेटले आहे आणि आपली पलटण खिंडी ओलांडून केव्हाच पुढे गेली आहे. हे युद्ध नोव्हेंबर १८७८ मध्ये सुरू झाले. ज्या मैवंदच्या लढाईत वॉटसनना गोळी लागली, ती झाली २७ जुलै १८८० रोजी. म्हणजे या वीसेक महिन्यांत कधीतरी हा तरुण डॉक्टर आपल्या मुंबईच्या धक्क्यावर सामानासह उभा असला पाहिजे.

असला पाहिजे, असे मी लिहितो आहे खरे. पण वॉटसन नावाचा डॉक्टर कधी जन्मालाच आला नव्हता हे मलाही ठाऊक आहे. तरीही या असल्या प्रश्नांवर गंभीर चेहऱ्याने लेख लिहिणारी, एकमेकांची मते खोडून काढणारी माणसे शंभराहून अधिक वर्षे होत आली आहेत. आज इंटरनेटवर तरुण मुले-मुली आवडत्या पात्रांवरून हमरीतुमरीवर येतात, त्यांच्या नव्या कथा लिहितात, चित्रे काढतात. ते पाहून आपल्याकडचे जाणते वाचक हा नव्या पिढीचा रिकामटेकडेपणा आहे असे म्हणतात. या उद्योगाचा इतिहास पाहिला तर त्यात धर्मगुरू आहेत, कादंबरीकार आहेत, एक बेकार वास्तुविशारद आहे आणि न्यायाधीशही आहेत.

मैवंदवरून आणखी एक गोष्ट मनात येते, ती इथेच सांगून टाकतो. ही लढाई इंग्रज हरले. वॉटसन ज्या बर्कशायर पलटणीबरोबर होते तिच्या बाजूला मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या दोन पलटणी लढत होत्या : पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी, जिला जेकब्ज रायफल्स म्हणत. वॉटसनच्या खांद्यातली गोळी जगप्रसिद्ध झाली. या शिपायांना मात्र त्या कथेत एक ओळही मिळालेली नाही.

आता ती गोळी. पहिल्या कादंबरीत ती खांद्याला लागते. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर' मध्ये वॉटसन दुखरा पाय कुरवाळत बसलेले दिसतात आणि गोळी पायातून आरपार गेली होती असे सांगतात. एका कथेत जॉन वॉटसनची बायको नवऱ्याला चक्क 'जेम्स' म्हणते. लेखक आर्थर कॉनन डॉयल झपाट्याने लिहीत, मागचे उघडून पाहत नसत, खुलासा एवढाच. पण एवढ्यावर समाधान मानले तर तो चाहता कसला? डोरोथी सेयर्स या नामांकित रहस्यकथालेखिकेने मांडलेला तर्क असा, की 'जॉन एच. वॉटसन' मधला 'एच' म्हणजे 'हेमिश' असला पाहिजे, कारण 'जेम्स' या नावाचेच ते स्कॉटिश रूप आहे. बायको लाडाने मधल्या नावाचे इंग्रजी करून हाक मारी, बस्स! लेखकाच्या नजरचुकीतून वाचकाने पात्राचा संसार उभा केला. हा खेळ लॉर्ड्सवरच्या काउंटी क्रिकेट सामन्याइतक्या गांभीर्याने खेळला पाहिजे, असेही या बाईंचे म्हणणे होते.

खेळाची सुरुवात फार लवकर झाली. 'स्ट्रँड' मासिकात होम्सच्या लघुकथा जुलै १८९१ पासून येऊ लागल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जे. एम. बॅरी यांनी, म्हणजे पुढे 'पीटर पॅन' लिहिणाऱ्या बॅरींनी, होम्सचे विडंबन निनावी छापले. १९०२ च्या जानेवारीत 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' अजून क्रमशः चालू असतानाच फ्रँक सिजविक यांनी 'केंब्रिज रिव्ह्यू' मध्ये तारखांचा घोळ दाखवणारे अनावृत पत्र लिहिले. ते डॉयलना उद्देशून नव्हते, डॉ. वॉटसनना उद्देशून होते. लेखकाला डावलून पात्राला जाब विचारण्याची ही रीत मला फार सूचक वाटते.

पण पाया घातला तो रोनाल्ड नॉक्स यांनी. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांनी होम्सकथांवर एक निबंध वाचला. पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेल्या या विद्वानाला खरी टर उडवायची होती ती बायबलच्या जर्मन चिकित्सकांची. कोणता भाग मूळ, कोणता प्रक्षिप्त, एकाच ग्रंथामागे किती हात, हे शोधण्याची त्यांची पद्धत नॉक्सनी होम्सकथांना लावली. होम्स धबधब्यातून परत आल्यानंतरच्या कथा मूळ वॉटसनने लिहिलेल्याच नाहीत, असे सुचवणारा 'दुसरा वॉटसन' त्या निबंधात भेटतो. डॉयलनी नॉक्सना पत्र लिहून आपली करमणूक झाल्याचे कळवले आणि आपल्या कथांविषयी नॉक्सना आपल्यापेक्षा अधिक माहिती आहे अशी कबुलीही दिली. गंमत अशी की टीका म्हणून केलेली ही नक्कल पुढे लोकांनी मनापासून उचलली. मूळच्या छपन्न लघुकथा आणि चार कादंबऱ्या अशा साठ रचनांना होम्सभक्त आजही धर्मग्रंथाला लावायचाच शब्द लावतात. आपण त्याला 'संहिता' म्हणू.

'प्रक्षिप्त' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात कित्येक दशके घालवली ती याच प्रश्नापायी. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात पुन्हा कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. ताकीद द्यावी लागली याचा अर्थ उघड आहे : लोक ओव्या घालत होते. ग्रंथ आवडला की त्यात आपलीही एक ओवी असावी असे वाटणे ही काही इंग्रजांची मिरास नव्हे.

डॉयलना स्वतःला होम्सचे प्रेम नव्हते. ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी आपले नाव राहावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून डिसेंबर १८९३ च्या कथेत त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखनबाख धबधब्यात लोटले. त्यानंतर लंडनचे तरुण दंडाला काळ्या फिती बांधून हिंडत होते, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली असते. तिला त्या काळच्या वर्तमानपत्रांचा आधार मिळत नाही. ती बरीच नंतरची दिसते. म्हणजे चाहत्यांच्या शोकाची ही कथासुद्धा चाहत्यांनीच रचलेली! निषेधाची पत्रे मात्र खरोखर आली. एका बाईंनी पत्राच्या आरंभीच डॉयलना पशू म्हटले होते, हे त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे. अखेर १९०३ मध्ये होम्स परतला.

अमेरिकन नट विल्यम जिलेट होम्सवर नाटक करत होते, तेव्हा त्यांनी तारेने विचारले की होम्सचे लग्न लावले तर चालेल का. लावा, मारा, काय हवे ते करा, अशा अर्थाचे डॉयलचे उत्तर गेले. लेखकाने इतकी मोकळीक क्वचितच दिली असेल. वारसांनी मात्र ती दिली नाही.

इथे मला आर्थर व्हिटेकर यांची हकिकत जरा सविस्तर सांगायची आहे. व्हिटेकर हे इंग्लंडमधले वास्तुविशारद. १९११ च्या सुमारास हाताला काम नव्हते, तेव्हा त्यांनी एक होम्सकथा लिहून थेट डॉयलना पाठवली आणि दोघांच्या नावाने छापावी असे सुचवले. डॉयलनी सहलेखन नाकारले. पण कल्पना कधी उपयोगी पडेल म्हणून थोडे पैसे देऊन हस्तलिखित ठेवून घेतले. ते कागदपत्रांत पडून राहिले. १९३० साली डॉयल वारले. पुढे चरित्रकारांना ते बाड सापडले आणि 'डॉयलची अप्रकाशित होम्सकथा' म्हणून गाजावाजा झाला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाने 'द मॅन हू वॉज वॉन्टेड' ही कथा डॉयलच्या नावावर छापली, नंतर एका इंग्रजी रविवारच्या पत्रातही ती आली. आता म्हाताऱ्या झालेल्या व्हिटेकरांनी कळवले की ही कथा माझी आहे. डॉयलच्या मुलाकडून आधी धमकावणी आली. पण व्हिटेकरांनी डॉयलचे जुने पत्र जपून ठेवले होते. पत्र पुढे आल्यावर वारसांना माघार घ्यावी लागली. १९४९ मध्येच व्हिटेकर वारले.

नक्कल म्हणून ज्याला हिणवतात ते लेखन घरच्यांनाही ओळखू आले नाही, हा यातला विनोद. पण याच घराण्याने १९४४ मध्ये एलरी क्वीन यांनी संपादित केलेला होम्स-विडंबनांचा जाडजूड संग्रह बाजारातून काढून घ्यायला लावला होता. त्या संग्रहात बॅरी होते, मार्क ट्वेन होते. इतरांनी होम्स लिहिला की तो गुन्हा, आणि इतराने लिहिलेला होम्स वडिलांच्या नावावर खपला की ती मिळकत. मला या व्यवहारात लेखकाचा सन्मान कुठे दिसत नाही.

चाहत्यांची बाजूही स्वच्छ होती असे नाही. ख्रिस्तोफर मॉर्ली यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' हे मंडळ काढले. त्यांच्या भोजनसभेत १९४१ साली रेक्स स्टाउट यांनी 'वॉटसन ही बाई होती' असा सिद्धांत खुशाल मांडला. पण खऱ्या बायकांना त्या मेजावर जागा नव्हती. १९६८ च्या जानेवारीत न्यू हेवनच्या एका कॉलेजातल्या होम्सभक्त मुलींनी भोजनाच्या जागेबाहेर फलक घेऊन निदर्शने केली. त्यांनी आपले वेगळे मंडळ चालवले. इरेग्युलर्सचे दार बायकांना उघडले १९९१ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. निदर्शनातल्या एका तरुणीला तेव्हा सभासदत्व मिळाले.

हाच भेद पुढेही दिसतो. बीबीसीची 'शेरलॉक' मालिका २०१० मध्ये आली. तिचे कर्ते स्वतःला होम्सचे चाहते म्हणवतात, आणि मालिका म्हणजे भरपूर पैसा मिळालेली चाहत्यांची कथाच आहे. २०१२ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या शेरलॉकला इस्पितळाच्या छपरावरून उडी मारायला लावली. तो कसा वाचला यावर जगभर दोन वर्षे वाद रंगला. त्यानंतरच्या भागात हे चाहतेच पात्र म्हणून आले, आणि एका मुलीच्या प्रेमकथेच्या तर्काची त्यात थट्टा झाली. इंटरनेटवर फॅन-फिक्शन लिहिणाऱ्यांत बायकांचे प्रमाण मोठे आहे. त्या टोपणनावाने आणि विनामूल्य लिहितात. २००९ मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या त्यांच्याच संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे या लेखनाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली. त्यातले पुष्कळसे लेखन सामान्य आहे. दिवाळी अंकांतलेही असते.

कायद्याची लढाई अमेरिकेत लांबली. भारतात डॉयलचे हक्क मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे १९८० अखेर संपले होते. अमेरिकेत शेवटच्या काळातल्या दहा कथांचे हक्क शिल्लक होते आणि त्या जोरावर वारस अख्ख्या होम्सवर शुल्क मागत. लेस्ली क्लिंगर या वकील-चाहत्याने ते द्यायचे नाकारले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती पोझनर यांनी निकाल दिला की, ज्या कथा मुक्त झाल्या त्यांतला होम्सही मुक्त आहे. तरी २०२० मध्ये 'एनोला होम्स' चित्रपटावर दावा झालाच. युक्तिवाद ऐकण्यासारखा होता : होम्स दुसऱ्यांशी मायेने वागतो तो फक्त उशिराच्या कथांत, तेव्हा प्रेमळ होम्स अजून आमचा! त्याच वर्षाअखेर हा दावा निकालात न जाता संपला आणि २०२३ उजाडताच उरलेल्या कथाही मोकळ्या झाल्या.

या सगळ्या बाहेरच्या होम्सांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जमयांग नोर्बू यांचा. धबधब्यानंतरच्या काळात आपण नॉर्वेचा सिगरसन म्हणून दोन वर्षे तिबेटात हिंडलो, ल्हासाला गेलो, मुख्य लामांना भेटलो, एवढेच होम्स वॉटसनला सांगतो. डॉयलनी ही दोन वर्षे तीन-चार वाक्यांत उरकली. नोर्बू हे निर्वासित तिबेटी लेखक. १९९९ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेल्या 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स' या कादंबरीत त्यांनी ती रिकामी जागा भरली. निवेदक म्हणून किपलिंगच्या 'किम' मधले हरी चंदर मुखर्जी उसने घेतले. होम्सची बोट तिथे मुंबईला लागते आणि मग तो सिमल्यावरून ल्हासाकडे निघतो. ज्या तिबेटात लेखकाला परत जाता येत नाही, तिथले मठ, दरबार, चिनी अंबानचे कारस्थान आणि धोक्यात असलेला बाल दलाई लामा हे सारे एका इंग्रज गुप्तहेराच्या डोळ्यांनी जगापुढे येते. तिबेटविषयी पत्रके सहसा कोणी वाचत नाही. ही होम्सकथा लोकांनी वाचली, आणि २००० साली तिला भारतातला क्रॉसवर्ड पुरस्कारही मिळाला.