श्वासनलिकांचे आकुंचन आणि एका सेकंदाचे माप : निदानाचा इतिहास

स्नायूंचे आकुंचन, आतील आवरणाची सूज आणि साचलेला कफ ही श्वासनलिका अरुंद होण्याची प्रमुख कारणे होत. दम्याशी जुळणारी लक्षणे चरकसंहितेत ‘तमक श्वास’ या नावाने नोंदविलेली आढळतात. परंतु हा अरुंदपणा मोजावा कसा, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

फ्रान्समध्ये १८१६ साली रेने लायनेक यांनी स्टेथोस्कोपचा शोध लावला. छातीतील आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले. तथापि त्यावरून अडथळ्याचे प्रमाण ठरविता येत नव्हते. इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटरच्या साहाय्याने दोन हजारांहून अधिक व्यक्तींची फुफ्फुसक्षमता मोजून १८४६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र त्यांचे माप हवेच्या आकारमानाचे होते, वेगाचे नव्हते. पुरेसा वेळ मिळाल्यास अरुंद नलिकांतूनही बरीच हवा बाहेर पडते. साहजिकच दोष झाकलेला राहत असे.

ही उणीव १९४७ साली फ्रान्समधील तिफनो व पिनेल्ली यांनी दूर केली. जोराने सोडलेल्या उच्छ्वासापैकी पहिल्या सेकंदातील हवा त्यांनी विचारात घेतली. आज श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही हा वाटा एकूण उच्छ्वासाच्या ७० टक्क्यांहून कमी राहिल्यास, लक्षणे व पूर्वेतिहास लक्षात घेऊन, दीर्घकालीन अडथळ्याचे निदान केले जाते.

धूम्रपान न करताही वर्षानुवर्षे चुलीचा धूर सोसलेल्या स्त्रीची धाप अनेकदा वयावर ढकलली जाते. केवळ छाती तपासून तिचा आजार निसटू शकतो. म्हणूनच हे एका सेकंदाचे माप ग्रामीण आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.